आहे तशी, आहे तिथे

लिलावात जुनी मोटार घ्यायला तीन गोष्टी लागतात : ओळखपत्र, अनामत रक्कम आणि लहानपणी दुसऱ्याच्या गाडीत मागच्या सीटवर चौथं बसल्याची आठवण. पहिल्या दोन नसतील तर लिलावात उभं करत नाहीत. तिसरी नसेल तर माणूस लिलावाकडे फिरकतच नाही. तो शोरूममध्ये जातो, पांढरी एसयूव्ही घेतो, पेढे वाटतो आणि सुखात राहतो. पुढचा मजकूर त्याच्यासाठी नाही.

पहिली पायरी : कोणती गाडी हवी ते ठरवा. ‘कुठलीही जुनी चालेल’ म्हणणाऱ्याला कुठलीही जुनीच मिळते, आणि ती चालत नाही. आपल्याकडच्या नवशिक्याने रोल्स रॉइसच्या वाटेला न जाता फियाटपाशी थांबावं. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज आणि प्लिमथ जोडल्या जायच्या, मग फियाट आली. पन्नाशीच्या दशकातली गुबगुबीत ती ‘डुक्कर फियाट’. तिची पुढची दारं उलटी उघडायची. पुढे सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, १९६४पासून डिलाइट, आणि सत्तरच्या दशकात त्याच गाडीची पद्मिनी झाली. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून ती रस्त्यावर दिसेनाशी झाली. ज्यांनी जन्मभर तिच्या सीटमधून वर आलेल्या स्प्रिंगला शिव्या घातल्या, त्यांचे डोळे त्याच आठवड्यात पाणावले. पाणावलेल्या डोळ्यांनी बोली लावू नये. आकड्यातलं एखादं शून्य दिसत नाही.

दुसरी पायरी : बायकोला सांगणे. ही तूर्त पुढे ढकलावी.

तिसरी पायरी : भाषा शिका. लिलावाच्या कॅटलॉगची भाषा मराठी नाही आणि इंग्रजीही नाही. ‘पॅटिना’ म्हणजे गंज. ‘एकाच कुटुंबाच्या वापरात’ म्हणजे भाऊबंदकी मिटली. ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणजे इंजिन आणि चॅसिसचे क्रमांक कारखान्यातून निघाले तेच आहेत. ही मात्र खरी मोलाची गोष्ट, कारण आपल्याकडे जुन्या गाडीत पोटातलं इंजिन कोणाचं असेल याचा नेम नसतो. ‘बार्न फाइंड’ म्हणजे गोठ्यात किंवा पडवीत वर्षानुवर्षं पडून असलेली गाडी. फेब्रुवारी २०१५मध्ये पॅरिसला अशाच एका संग्रहाचा लिलाव झाला. पश्चिम फ्रान्समधल्या एका वाडीवर गाड्या कित्येक दशकं धूळ खात होत्या. त्यातली एक फेरारी जुन्या मासिकांच्या ढिगाखाली सापडली. ती कधीकाळी अलाँ दलाँ या नटाकडे होती आणि लिलावात १ कोटी ६० लाख युरोंच्या वर गेली. हे वाचून कोणी गावच्या गोठ्याकडे धावू नये. आम्ही धावलो. मोडका पाळणा, दोन विळे आणि काकांची लुना मिळाली. लुनाची कागदपत्रं काकांनी काकूलाही कधी दाखवली नव्हती.

‘व्हिंटेज’ हा शब्द तर जपूनच वापरा. परदेशी क्लबवाल्यांच्या लेखी १९१९ ते १९३० या काळातली ती व्हिंटेज. आपलं सरकार उदार आहे : जुलै २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटली आणि गाडी मूळ रूपात असली, म्हणजे चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठी उलथापालथ झालेली नसली, की तिला व्हिंटेज म्हणता येतं. नव्याने नोंदणी करायची तर २०,००० रुपये भरून ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते, ती दहा वर्षं चालते, मग फेरनोंदणीचे ५,०००. जुना नंबर असेल तर तोच राहतो. मात्र ही गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. यातल्या शेवटच्या कारणासाठीच ती इतकी फिरते की बाकीच्यांची आठवणही राहत नाही.

दुसरी पायरी इथे घेता येईल. पण नको.

चौथी पायरी : गाडी प्रत्यक्ष बघा. मोठ्या लिलावगृहात गाडी कार्पेटवर, दिव्याखाली असते आणि शेजारी कोट घातलेला तरुण असतो. आमची गाडी एका संस्थेच्या आवारात, जांभळाच्या झाडाखाली होती. यादी अशी : लॉट ११, लोखंडी कपाटं ९ नग. लॉट १२, मोटार १ नग. लॉट १३, पंखे ४० नग, पैकी पाती नसलेले २२. मोटार म्हणजे १९७४ची फियाट, रंग मुळात आकाशी, सध्या जांभळाच्या मोसमाप्रमाणे.

अशा यादीत सर्वांत आधी ‘स्क्रॅप’ हा शब्द शोधावा. तो असेल तर आरसी बुक रद्द झालेलं असतं आणि तुम्हाला गाडी मिळत नाही, रद्दीसारखं वजन मिळतं. तो नसेल तर चॅसिस नंबर आरसीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. मग खिशातून लोहचुंबक काढा. (फ्रिजवरचा चालतो. आमच्याकडे अष्टविनायकांपैकी ओझरचा होता, तो बायकोच्या नकळत आणला.) मडगार्डवर, दाराच्या खालच्या कडेवर तो फिरवा. चिकटला तर पत्रा, घसरला तर पुट्टी. आमचे विघ्नहर्ते बॉनेटवर चिकटले, टपावर चिकटले आणि डाव्या दारावरून थेट मातीत उतरले. मग पायाखालची मॅट उचला. तिथे जमीन दिसली तर ती गाडीची आहे की संस्थेची, याची खात्री करा. इंजिन चालू करून बघायचा आग्रह धरू नका. यादीत ‘किल्ली उपलब्ध नाही’ असं लिहिलेलं असतं, आणि सगळ्याच्या वर एक वाक्य असतं : वस्तू ‘आहे तशी, आहे तिथे’ विकली जाईल. पुढच्या सगळ्या तक्रारींना हेच एक उत्तर आहे.

बरोबर मेस्त्री न्यावा. मी नाना पेठेतला, तीस वर्षं फियाटच खोलणारा, असा एक नेला. तो गाडीभोवती दोनदा फिरला, खाली झोपला, उठला, हात पुसले आणि म्हणाला, ‘साहेब, यात काही राम नाही. सोडून द्या.’ मेस्त्री असं म्हणाला म्हणजे गाडी वाईट आहे असा अर्थ घ्यायचा असतो, अशी माझी समजूत होती.

पाचवी पायरी : हिशेब. बोली आणि किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवशिके इथेच बुडतात. समजा मोठ्या लिलावगृहात तुमच्या नावावर ३,००,००० रुपयांना हातोडा पडला. त्यावर खरेदीदाराचा प्रीमियम, समजा १५ टक्के, म्हणजे ४५,०००. त्या प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी, ८,१००. झाले ३,५३,१००. गाडीवर कर असेल तर तो निराळा. ट्रकवर घालून आणायचं भाडं निराळं. मग टायर, बॅटरी, रेडिएटर, रबरं, वायरिंग. चोरबाजारात हवा तो दिवा मिळतो, पण एकच. जोडीतला दुसरा शोधायला पुन्हा जावं लागतं. मे २०२२मध्ये जर्मनीत मर्सिडीझची १९५५ची एक गाडी १३.५ कोटी युरोंना गेली, कारण तशा जगात दोनच आहेत. तुमच्या गाडीलाही जगात दोनच गिऱ्हाइकं असतात, हे विकताना कळतं.

लिलावातली गाडी घेऊन पुढे एकही पैसा दुरुस्तीवर न घालवलेला एकच खरेदीदार मला माहीत आहे. डिसेंबर २०१५मध्ये मुंबईत दाऊदची म्हणून जप्त झालेली ह्युंदाई अ‍ॅक्सेंट एका गृहस्थांनी ३२,००० रुपयांना घेतली आणि गाझियाबादला नेऊन जाळली. त्या गृहस्थांचा उद्देश निराळा होता, पण मला तरी यात दूरदृष्टी दिसते.

सहावी पायरी : बोली. पूर्वी माणूस ‘एक वार, दोन वार’ म्हणायचा आणि आपल्याला विचार करायला एक वार मिळायचा. आता सगळं पडद्यावर. वेळ संपते दुपारी बाराला, पण शेवटच्या पाच मिनिटांत कोणी बोली लावली की घड्याळ पाच मिनिटं पुढे सरकतं. आपला कमाल आकडा आधी कागदावर लिहून ठेवावा. मी १,२०,००० लिहिला होता. बाराच्या आत सगळे गळाले आणि ‘बोलीदार ७’ तेवढा उरला. मी पाच हजार चढवले की तोही चढवायचा, पण लगेच नाही. साडेचार मिनिटं थांबून, चहा पिऊन चढवावेत तसे. सव्वा वाजता मला त्याचा चेहरा दिसू लागला. कोणी बिल्डर असणार, लग्नाच्या हॉलबाहेर शोभेला ठेवायला हवी असणार. १,२०,०००चा कागद मी उलटा घातला. १,९०,०००ला बोलीदार ७ थांबला. मी उठून उभा राहिलो आणि घरात कोणी नाही असं बघून मूठ उडवली.

दोन वाजता मेस्त्रीचा फोन आला. ‘अभिनंदन साहेब.’

‘तुम्हाला कसं कळलं?’

‘मला एक पंच्याऐंशीपर्यंतच परवडत होती.’

मी काही बोललो नाही. ‘वाईट वाटून घेऊ नका,’ तो म्हणाला, ‘मी घेतली असती तरी तुम्हालाच विकणार होतो.’ थोडं थांबून : ‘अडीचला.’ म्हणजे त्याच्या हिशेबाने माझे साठ हजार वाचले होते. तो हिशेब मी अजून तपासतो आहे. तेव्हा मेस्त्रीला बरोबर न्यावं हे मी मागे लिहिलं ते कायम. पण लॉट नंबर सांगू नये.

आता दुसरी पायरी. संध्याकाळी दोघांचा चहा केला, बशीत खारी ठेवली आणि म्हणालो, ‘एक सांगायचं होतं.’ ही म्हणाली, ‘फियाटचं ना?’ अनामत रक्कम जॉइंट अकाउंटमधून गेली होती. बँकेचा मेसेज दोघांच्याही फोनवर येतो. तीन आठवडे तिने वाट बघितली होती. नवशिक्यांनी अर्ज भरण्याआधी बँकेत जाऊन एवढं एक काम जरूर उरकून घ्यावं.

‘गिअर स्टिअरिंगवरचाच आहे ना?’ तिने विचारलं. तिच्या बाबांकडे डिलाइट होती. ती तिच्यावर शिकली. मला तो गिअर टाकता येत नाही हे मी त्या दिवशी कबूल केलं, कारण कबूल करण्यासारखं बाकी काही उरलंच नव्हतं. ‘आणि ओझरचा गणपती परत लावा फ्रिजवर,’ ती म्हणाली.

गाडी दुरुस्तीला त्याच मेस्त्रीकडे टाकली, कारण तिची खोटनखोट त्यालाच ठाऊक होती. त्याला गाडी मिळाली, मला बिलं मिळतात, आणि लिलावात हरलं कोण हे आम्ही एकमेकांना विचारत नाही. गणपतीपर्यंत देतो म्हणाला होता. त्यानंतर गणपती दोनदा येऊन गेले. कोणाला बघायची असेल तर खुशाल नाना पेठेत यावं. आहे तशी, आहे तिथे.