सातवा बसला की लागला?

२२ मार्च २०२३, गुढीपाडवा. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या गॅलरीत सासूबाईंनी एकटीने गुढी उभारली, कारण मी पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून आतल्या खोलीत आडवी झाले होते. "सणावारालाच बरी हिची अडचण येते," हे त्या गुढीला उद्देशून म्हणाल्या. त्या दिवशी मी गरोदर नव्हते, याबद्दल घरात किंवा अख्ख्या पोळात, म्हणजे आमच्या गल्लीत, कुणाला शंका असण्याचं कारण नव्हतं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी शेवटच्या पाळीची तारीख विचारली, एक पुठ्ठ्याची गोल चकती फिरवली आणि म्हणाल्या, "छान, सहा आठवडे झाले." मी मनातल्या मनात मोजलं. काहीही केलं तरी चारच भरत होते. भीत भीत तसं सांगितलं, तर कळलं की पहिले दोन आठवडे फुकटातले असतात. मूल नेमकं कुठल्या दिवशी राहिलं ते कुणालाच दिसत नाही. पाळीची तारीख मात्र बायकांच्या लक्षात असते, म्हणून मोजणी तिथून सुरू करायची. (बायकांच्या नाही, सासूबाईंच्या.) म्हणजे मी गरोदर नाही हे ज्या दिवशी पिशवीसकट सिद्ध झालं, त्याच दिवसापासून मी गरोदर होते. आपल्या भाषेनं हा घोळ आधीच ओळखलेला असावा. नाहीतर दिवस मोजायला सुरुवात करायची त्या वेळी 'दिवस गेले' कोण म्हणेल?

मग तारीख काढायची टूम निघाली. नवऱ्याच्या मोबाइलमधल्या ॲपनं २८० दिवस मोजून २७ डिसेंबर सांगितली. समोरच्या मासी सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांनी ॲपकडे ढुंकूनही न बघता तीन बोटं मिटली, सात उघडली आणि २९ डिसेंबर जाहीर केली. तीन महिने मागे जायचं, सात दिवस पुढे यायचं, एवढंच. ही रीत मासींची नाही. हायडेलबर्गच्या नेगेले नावाच्या जर्मन डॉक्टरांच्या नावाने ती दोनशे वर्षं चालत आली आहे. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचं की शेवटच्या, हे त्या गृहस्थांनी पुरतं स्पष्ट केलं नव्हतं म्हणे. म्हणजे घोळ तिथूनच. शिवाय महिने सारख्या लांबीचे नसल्यामुळे बोटांचे दिवस माझ्या बाबतीत २८२ होत होते. जूनमधल्या सोनोग्राफीत बाळ हिशेबापेक्षा पाच दिवसांनी लहान भरलं, त्या मापाने १ जानेवारी आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या टप्प्यावर सात दिवसांपेक्षा जास्त फरक पडला तरच तारीख बदलतात. पाचाचं काही नाही. सासरे मात्र १ जानेवारीवर खूश झाले. त्यांची स्वतःची जन्मतारीख शाळेतल्या मास्तरांच्या कृपेने १ जून आहे, त्यामुळे कुठल्याही महिन्याच्या एक तारखेबद्दल त्यांना आपलेपणा वाटतो.

मला स्वतःला तारखेपेक्षा दुसऱ्या तिमाहीची घाई होती. उलट्या दुसऱ्या तिमाहीत थांबतात असं सगळेच सांगत होते, आणि मला वासानं गल्लीतल्या प्रत्येक घरची फोडणी ओळखता येऊ लागली होती. पण तिमाही सुरू कधी होते? चाळीस आठवडे तिघांत वाटायचे म्हणजे तीन भावांत चाळीस आंबे वाटण्यासारखं. एक आंबा कापावा लागतोच. दवाखान्याच्या भिंतीवरचा तक्ता म्हणे बारा आठवड्यांनंतर, ॲप म्हणे तेरा झाल्यावर, डॉक्टरीणबाईंच्या फाईलीत पूर्ण चौदा. म्हणजे १४, २१ किंवा २८ जून. मी पहिली तारीख धरून बसले. १४ जूनला टीव्हीवर बिपरजॉय वादळाशिवाय काही नव्हतं: कुठवर आलं, किनाऱ्याला कधी लागणार. ते अरबी समुद्रात दहा दिवस भरकटून शेवटी १५ तारखेच्या संध्याकाळी कच्छमध्ये जखाऊजवळ लागलं. माझं मात्र काहीच लागलं नाही. २१ लाही तसंच, २८ लाही तसंच. मग जुलैच्या सुरुवातीला एका संध्याकाळी मी नवऱ्यामागे स्कूटरवर बसून तरी घातलेली शेवउसळ दोन प्लेट खाल्ली, वर लीलो चेवडो खाल्ला, आणि घरी आल्यावर तासाभराने लक्षात आलं की आपण आज दिवसभरात ओकलो नाही. तारीख लिहून ठेवायची राहिली.

त्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग! चौथा लागला की डोहाळे लागतातच." इथे मात्र त्यांच्या बाजूने सुश्रुत उभा आहे. चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, आईच्या अंगात दोन हृदयं होतात, म्हणून ती दौहृदिनी, आणि त्यातून पुढे दोहद आणि आपले डोहाळे. मला हे ऐकून बरं वाटलं. शेवउसळीची दुसरी प्लेट माझी नव्हती.

आता 'लागला' या शब्दाविषयी. माझ्या माहेरी साताऱ्यात आणि बडोद्यातल्या मराठी घरांत महिना लागतो, जशी ठेच लागते किंवा उचकी लागते. पोळातल्या गुजराती बायका विचारतात, "केटलामो बेठो?" त्यांच्याकडे महिना बसतो. त्यांचं नवं वर्षसुद्धा बसतं, दिवाळीनंतर. बसलेला महिना घरचाच होऊन गेल्यासारखा वाटतो. लागलेल्याचा काही भरवसा नाही. त्यातून माझ्या आईचा तिसराच पंथ: ती लागलेला धरत नाही, भरलेला धरते. त्यामुळे एकाच दिवशी मी सासूबाईंना सहावा, मासींना छठ्ठो बेठो, आईला फोनवर पाच भरले आणि ॲपला बावीस आठवडे दोन दिवस अशी होते. चौघीही बरोबर. (ॲपला मी बाईच धरते, इतक्या चौकशा दुसरं कोण करेल?)

सगळं निभलं असतं, पण २०२३ साली अधिक श्रावण आला. पाडव्यापासून मोजत असल्यामुळे सासूबाईंचा हिशेब कालनिर्णयाच्या पानाला पान चिकटून चालला होता: चैत्र पहिला, वैशाख दुसरा, ज्येष्ठात चोरचोळी झाली (चोरून, म्हणजे फक्त पोळातल्या अकरा बायकांना माहीत), आषाढ चौथा. १८ जुलैला अधिक महिना लागला आणि त्यांची पेन्सिल थांबली. हा मोजायचा की नाही? मोजला तर भाद्रपद सातवा, नाही तर आश्विन. मासी पाचव्या महिन्यात नणंदेकडून माझ्या मनगटाला राखडी बांधून घ्यायला टपल्या होत्या, त्यांचाही पाचवा नेमका अधिकात अडकला. अखेर गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, अधिक महिन्यात कर्जाचं व्याज थांबतं का? मग पोट कसं थांबेल?" सासरे बँकेत होते, त्यांना हे एकदम पटलं.

म्हणजे सातवा भाद्रपदात. डोहाळजेवण सातव्यात करायचं हे आपल्याकडे दगडावरची रेघ. शास्त्रात बघायला जावं तर सीमंतोन्नयन आश्वलायन चौथ्या महिन्यात सांगतो, याज्ञवल्क्य सहाव्या किंवा आठव्यात. सातवा दोघांच्याही तोंडी नाही. हे मी एकदा जेवताना बोलून पाहिलं. "त्यांना कुणी बोलावलंय?" सासूबाई म्हणाल्या. पण भाद्रपदाचा मागचा पंधरवडा पितरांचा, आणि ३० सप्टेंबरपासून कुठलंच मंगलकार्य नको. फाईलप्रमाणे माझी तिसरी तिमाही ४ ऑक्टोबरला, भर पितृपक्षात सुरू होत होती, म्हणून सासूबाईंनी ती मान्यच केली नाही. पितृपक्ष संपल्यावर नवरात्र. त्यात बडोद्यात सगळी बायकामंडळी रात्रभर गरब्यात. ओटी भरायला यायचं कुणी? शेवटी गौरी गेल्यावर, २४ सप्टेंबरचा रविवार ठरला. आईच्या हिशेबाने सहा भरून दोन दिवस झाले होते, तीही राजी झाली.

पत्रिका मासींच्या भाच्याने मोबाइलवर करून दिली आणि वर मोठ्या अक्षरांत छापलं: 'श्रीमंत'. इकडे सीमंताचा बोलीत श्रीमंत होतो, त्यात नवल नाही. ती पत्रिका साताऱ्याला पोचली आणि पंधरा मिनिटांत आईचा फोन आला. बडोद्यात श्रीमंत म्हणजे सयाजीराव, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. "काय गं," ती आवाज खाली आणून म्हणाली, "कार्यक्रम राजवाड्यात आहे का? मग मी पैठणी आणते."

ऑफिसातला हिशेब त्यामानाने सोपा गेला. कायद्याने रजा २६ आठवड्यांची, त्यातली प्रसूतीच्या अंदाजित तारखेआधी जास्तीत जास्त आठ आठवड्यांची. म्हणजे १ नोव्हेंबर. फॉर्मवर 'अंदाजित' हा शब्द ठळक छापलेला पाहून मला त्या खात्याबद्दल आदर वाटला.

२७ डिसेंबरला ॲपनं अभिनंदन केलं. मी तेव्हा मटार सोलत होते. नेमक्या दिलेल्या तारखेला शंभरात चार-पाचच मुलं येतात, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. २८ गेली. २९ ला मासी दिवसातून सहा वेळा दार वाजवून गेल्या, आणि रात्री अकरा वाजता झोपायला जाताना त्यांचा चेहरा पडलेला होता. त्यानंतर अर्ध्या तासाने आम्ही रिक्षा शोधत होतो.

मुलगी रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी झाली. कागदावर ३० डिसेंबर, शनिवार. सकाळी डबा घेऊन मासी आल्या, तेव्हा नवऱ्याने थोडं हळहळत सांगितलं, "मासी, दोन तासांनी चुकली तुमची."

मासींनी थर्मास खाली ठेवला. "सूर्य ऊग्यो हतो?"

"नाही, रात्रीचे दोन..."

"तो पछी हजी शुक्रवार ज हतो," मासी म्हणाल्या. सूर्य उगवल्याशिवाय वार बदलत नाही. म्हणजे २९ च. सासूबाईंनी मान हलवली आणि लगेच बोटं मोजायला घेतली, कारण बारसं बाराव्या दिवशी, आणि पहिला दिवस शुक्रवार धरायचा की शनिवार, यावर मासींचं आणि त्यांचं पटेना. बाहेरच्या बाकड्यावर सासरे नव्या वर्षाचं कालनिर्णय गुंडाळीतून काढत होते.