ताजा आहे का?

सांगलीपासून रत्नागिरीचा समुद्र पावणेदोनशे किलोमीटर लांब. साताऱ्याला तो सह्याद्रीच्या पार पलीकडे. तरी दोन्ही गावांत 'अस्सल मालवणी'च्या पाट्या इतक्या दाटीने लागल्या आहेत, की खुद्द मालवणच्या माणसाला आपल्या पत्त्याविषयी शंका यावी. सातारकर सांगतात, आमचा मासा चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून येतो. सांगलीकर म्हणतात, आमचा आंबा घाटातून. घाटाचा अभिमान दोघांनाही. मासा वर पोचेपर्यंत किती दमतो, हे कुणी विचारत नाही.

सांगलीतल्या अशाच एका नावाजलेल्या हॉटेलात परवाच्या रविवारी आम्ही सहकुटुंब पहिल्यांदा गेलो. दारात वही, वहीत नाव, नावापुढे माणसं. तासाभराने आत बसल्यावर नवख्याने काय विचारायचं ते ठरलेलंच आहे.

"ताजा आहे का?"

"सकाळीच आलाय साहेब."

कोणत्या सकाळी, हे विचारायचं नसतं. खात्री हवी असेल तर वेटर कच्च्या माशांचं ताटच पुढे आणून धरतो. शेजारच्या टेबलावरच्या एका काकांनी सुरमईचा कल्ला उचलला, डोळ्यात डोळा घातला, पाठीवर अंगठा दाबला. खरसुंडीच्या बाजारात खोंडाचे दात बघावेत, तशी ही तपासणी. मग मान हलवून ते म्हणाले, "लई भारी. पण काटे नसतील असं बघा." आणि बोनलेस बासा मागवला. बासा मूळचा व्हिएतनामचा, तळ्यात वाढवलेला. त्याला ना मालवण ठाऊक, ना समुद्र.

मेनूकार्डावर पापलेटपुढे किंमत नव्हती, 'साइजप्रमाणे' असं लिहिलं होतं. साइज माशाचा की गिऱ्हाइकाच्या गाडीचा, ते बिल आल्यावर कळतं. २०२३ साली पापलेटला 'राज्य मासा' हा मान मिळाला. समुद्रात तो कमी होत चालला, म्हणून सरकारने पदवी दिली. आपल्याकडे सत्काराची वेळ साधारण हीच असते.

जेवण बाकी आपल्या वळणाचं. मालवणी मसाला घाट चढला खरा, पण वर येताच त्याला कांदा-लसूण चटणी भेटली आणि तिखटापुढे नारळ गप्प बसला. मागच्या टेबलावरून "रस्सा वाढा की!" आणि "पांढरा न्हाई का?" अशा आरोळ्या चालू होत्या. सोलकढी आधी ताक समजून हुंगली गेली, मग साखर मागितली गेली. तांदळाची भाकरी तशीच राहिली, ज्वारीची संपली.

पण खरी मौज पंचांगात आहे. पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै, आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. माशांच्या प्रजननाचे दिवस. २०२५ चा अख्खा आषाढ या बंदीतच गेला. आपण मात्र श्रावणाच्या भीतीने नेमक्या याच दिवसांत दुप्पट मासे खाल्ले आणि प्रत्येक ताटावर 'ताजा आहे का?' विचारलं. बर्फाला तोंड असतं तर त्याने उत्तर दिलं असतं. २५ जुलैला श्रावण लागला, आठवड्याने बंदी उठली. बोटी समुद्रात गेल्या आणि आपण साबुदाण्यात. पाठोपाठ गणपती. दर्यावरचा मासा खरोखर ताजा असतो, तेव्हा घाटावरचा गिऱ्हाईक सोवळ्यात असतो.

निघताना वेटरला विचारलं, "बाबा, कृष्णेचा मासा ठेवत नाही का? मरळ, वाम, कटला?"

त्याचा चेहरा बदलला. "नदीचा? आवो साहेब, चांगली फॅमिली येती आपल्याकडं!"

तोही खोटं बोलत नव्हता. मार्च २०२३ मध्ये अंकलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. मळीमिश्रित पाण्याची चर्चा झाली, नमुने घेतले गेले. मासे फुकट होते, ते वेचायला झुंबड उडाली. तेव्हा मात्र 'ताजा आहे का?' असं कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा सांगलीकरहो, सातारकरहो, सुरमईचा कल्ला जरूर उचलून बघा, पैसे आपले आहेत. फक्त पुढच्या रविवारी हॉटेलच्या वहीत नाव लिहिण्याआधी सोमवारचीही एक वेळ राखून ठेवा आणि हाच प्रश्न नदीच्या पाण्याबद्दल प्रदूषण खात्याच्या कचेरीत जाऊन विचारा. उत्तर मिळेल. "नमुना सकाळीच पाठवलाय साहेब."