इस्त्री माझ्याकडे

आमच्या घरात कामांची रीतसर वाटणी झालेली आहे. इस्त्री माझ्याकडे आणि बाकीचं हिच्याकडे. ऐकायला हे जरा एकतर्फी वाटतं, मान्य आहे. पण रविवारी सकाळी अकरा शर्ट, चार सुती साड्या आणि मुलीचा तो अगणित कळ्यांचा अनारकली समोर घेऊन जो कधी बसला नाही, त्याने यावर बोलू नये.

हे काम माझ्याकडे आलं ते जिन्याखालच्या इस्त्रीवाल्यामुळे. त्याच्याकडे कोळशाची, पितळी, चांगली वजनदार इस्त्री होती. तो गावी गेला आणि परत आलाच नाही. त्याच्या जागी जो आला त्याच्याकडून हिची एक नारायणपेठ काठाजवळ नीटस त्रिकोण घेऊन परतली. त्या संध्याकाळी घरातलं वातावरण बघून मी म्हणालो, "दे इकडे, यापुढे मी करत जाईन." सहज म्हणालो होतो. त्याला आता नऊ वर्षं झाली.

तसा वारसा आहे म्हणा. माझे आजोबा सदऱ्याला तांब्याची इस्त्री करायचे. तांब्याची म्हणजे तांबे धातूची नव्हे. पितळी तांब्यात निखारे भरायचे, फडक्याने तो गळ्याशी धरायचा आणि बूड सदऱ्यावरून फिरवायचं. वडिलांची पद्धत त्याहून सोपी. पँट ओलसर असताना घडी घालून गादीखाली ठेवायची आणि वर झोपायचं. घडी हलू नये म्हणून ते रात्रभर कूस बदलत नसत. सकाळी पँटला सुरीसारखी धार असायची आणि वडिलांची पाठ धरलेली असायची. या दोन्ही पद्धतींत घरातल्या बाईला त्रास नव्हता, असं मी एकदा अभिमानाने सांगितलं. त्यावर ही म्हणाली, "निखारे कुठून यायचे?"

इस्त्री हा शब्द पोर्तुगिजांकडून आला असं म्हणतात. पाव, बटाटा, चावी यांच्याबरोबरच तोही गलबतातून उतरला असणार. म्हणजे स्त्री आणि इस्त्री यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तो जोडून केलेले सगळे विनोद मी लग्नाच्या पहिल्या वर्षातच संपवलेले आहेत आणि दुसऱ्या वर्षापासून त्यांवर बंदी आहे.

काम हाती घेतलं की त्याच्या मुळाशी जायचं, हा माझा स्वभाव. (कामाच्या मुळाशी जाणारा माणूस काम संपवायला उशीर लावतो, हे हिचं मत.) सुती धाग्यातल्या सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींना हायड्रोजनच्या बंधांनी धरून असतात. पाणी आणि उष्णता मिळाली की त्या हात सोडतात, इस्त्रीच्या वजनाखाली सरळ होतात आणि थंड होताना नव्या जागी पुन्हा हात धरतात. म्हणून पाणी शिंपडायचं, आणि म्हणूनच गरमागरम शर्ट लगेच अंगात चढवायचा नाही. पाच मिनिटं हँगरवर राहू द्यायचा. आधी कॉलर, तीही टोकांकडून मध्याकडे, नाहीतर टोकाशी चुणी जमते. मग खांदा, कफ, बाह्या, आणि सगळ्यात शेवटी समोरचे दोन भाग. बटणांच्या मधून इस्त्रीचं टोक असं न्यायचं, की जशी गल्लीतून पालखी.

इस्त्रीच्या आत दोन धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असते. तापल्यावर एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी, त्यामुळे पट्टी वाकते आणि वीज तुटते. तेव्हा बारीक 'टिक' असा आवाज येतो. टीव्हीवर सामना अगदी शेवटच्या षटकात असला, समोरच्या घरात ड्रिल चालू असलं, तरी ती टिक मला ऐकू येते. माझ्या कानाचं याबाबतीत घरात कौतुक व्हायला हवं होतं.

मुळाशी जाताना एक अडचणीची माहितीही हाती लागली. विजेच्या इस्त्रीचं पेटंट 1882 साली न्यूयॉर्कच्या हेन्री सीली या गृहस्थांनी घेतलं. मी हे जेवताना जरा ताठ मानेनं सांगितलं. मुलीने तिथल्या तिथे मोबाइलवर शोधलं, की त्याच्या अकरा वर्षं आधी मेरी पॉट्स नावाच्या बाईने हात भाजू नये म्हणून इस्त्रीला काढता-घालता येणारी मूठ बसवली होती, आणि बाह्या नीट बसतील अशा अरुंद फळीचं पेटंट 1892 साली सारा बून यांनी घेतलं. "म्हणजे बाबा," ती म्हणाली, "पुरुषाने प्लग लावला." पुढचा घास मी मुकाट्याने घेतला.

एक कबूल करतो. इस्त्रीचं काम मला आवडतं, कारण ते दिसतं. डाव्या हाताला चुरगळलेला ढीग, उजव्या हाताला परीटघडीची चळत. तासाभरात ढीग इकडून तिकडे जातो आणि येणारा-जाणारा बघतो. हिने ओटा पुसला तर तो तिसऱ्या मिनिटाला चहाने ओला होतो. घासलेल्या भांड्यांची चळत कुणी सोफ्यावर मांडून ठेवत नाही. मागच्या दिवाळीत आत्या आली, दारातूनच तिने मला इस्त्री करताना पाहिलं आणि चप्पल काढायच्या आधी हिला म्हणाली, "किती मदत करतो गं हा तुला!" ही आत्याची पिशवी घेत म्हणाली, "हो ना." ही शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिची उत्तरं थोडक्यात असतात. पण त्या "हो ना"मध्ये पायऱ्या बऱ्याच होत्या.

मदत या शब्दासाठी आपल्या मराठीत एक झकास सोय आहे. 'लागणे.' मी तिला भाजी निवडू लागतो, पापड वाळत घालू लागतो, सामान लावू लागतो. जनाबाईच्या अभंगांत तर प्रत्यक्ष विठ्ठल तिला दळू लागतो, शेण्या वेचू लागतो. सात-आठशे वर्षं आपण त्याचं कौतुक करतो आहोत, आणि ते योग्यच आहे. पण दळण राहिलं जनाबाईचंच. देव असूनही तो 'लागला'. मग मी तर विटेवर उभं राहण्याच्याही योग्यतेचा नाही, सोफ्यावर बसणारा माणूस.

एका रविवारी हिने पेपरातली बातमी मोठ्याने वाचली. 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार आपल्या देशात घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवते आणि घरकाम करणारा पुरुष 97. शिवाय ते 97 सुद्धा जे पुरुष काहीतरी करतात त्यांचे, आणि असे शंभरात जेमतेम सव्वीस. मी त्या सव्विसांत आहे हे मी लगेच लक्षात आणून दिलं. "इस्त्री धरलीये ना त्यात?" मी विचारलं.

"धरली असेल," ही म्हणाली. "मॅच बघत केलेली धरलीये का, ते दिलेलं नाही."

मधे 2024 च्या मे महिन्यात मला वाटलं होतं, की आपली सुटका झाली. सीएसआयआरच्या प्रयोगशाळांमधून सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालून येण्याची मोहीम निघाली होती. आयआयटी मुंबईचे चेतनसिंह सोळंकी त्यामागे होते, आणि एका जोडीच्या इस्त्रीमागे सुमारे 200 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो असा हिशेब होता. पृथ्वीसाठी एवढा त्याग करायला मी एका पायावर तयार झालो. "चालेल," ही म्हणाली, "मग सोमवारी भाजी तुम्ही करा." सोमवारी मी नेहमीपेक्षा दोन शर्ट जास्तच केले.

मग ही दहावीच्या पेपरांच्या कामासाठी चार दिवस बाहेरगावी गेली. रविवारी मी नेहमीप्रमाणे टेबलावर घोंगडी घातली, वर जुनी चादर, वाटीत पाणी, प्लग लावला, सामना लावला. टिक झालं. हात पुढे केला तर इस्त्रीला कपडेच नव्हते. म्हणजे कपडे होते, पण बाथरूममधल्या टोपलीत. माझ्यापर्यंत येणारा शर्ट हा धुतलेला, खिशातली तिकिटं आणि सुटे पैसे काढलेला, सुटलेलं बटण शिवलेला, पावसाची सर यायच्या आत दोरीवरून ओढलेला, साडी असेल तर खळ देऊन सावलीत वाळवलेली, असा असतो, हे मला नऊ वर्षांत कळलं नव्हतं. मी त्या टोपलीकडे बराच वेळ पाहिलं. मग मशीनमध्ये सगळं एकदम टाकलं. माझ्याकडे आता फिकट गुलाबी रंगाचे पाच शर्ट आहेत.

ही परत आल्यावर यावर फारसं बोलणं झालं नाही. गुलाबी मला शोभतो, एवढंच म्हणाली.

काल संध्याकाळी तिची बेगमपुरी काढली होती. साडीला एकट्याने इस्त्री करता येते, पण घडी एकट्याने घालता येत नाही. दोघांनी दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची आणि एकमेकांकडे चालत यायचं. दर वेळी माझा काठ उलटा धरलेला असतो आणि दर वेळी मला तो तिचा उलटा वाटतो. "पदर बाहेर, पदर बाहेर," ती सांगत होती. आम्ही दोन पावलं जवळ आलो, तिने माझ्या हातातली टोकं घेतली, आणि स्वयंपाकघरात कुकर जोरात बोलला. तिचे दोन्ही हात साडीत होते.

"किती झाल्या हो?" तिने विचारलं.

"काय किती झाल्या?" मी म्हणालो.