दुबार पेरणी

अमेरिकी विद्यापीठाचं नकारपत्र इतकं गोड असतं, की ते ऐकून आमच्या आक्काला भाच्याचा नंबर लागला असंच वाटलं. 'आपल्या अर्जाने आम्ही प्रभावित झालो' एवढ्यावरच तिने पेढे आणायला माणूस राजूरला पिटाळला. 'परंतु' पुढच्या ओळीत होतं.

पूर्णेकाठच्या केदारखेड्यात सल्ला फुकट आणि घरपोच मिळतो. भाचा मृदाशास्त्राच्या एम.एस.साठी पुन्हा अर्ज करणार म्हटल्यावर ओट्यावर बैठक बसली. ठराव पहिला : आमदाराचं पत्र, 'सदर विद्यार्थी माझ्या चांगल्या परिचयाचा असून...', लेटरहेड रंगीत. ठराव दुसरा : राजूरच्या गणपतीला नवस. ठराव तिसरा : अर्जाची फी थोडी वाढवून भरून बघणे.

भाच्याने आपला 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' वाचला. "लहानपणापासून मला मातीची ओढ होती..."

"होती तं!" आक्का म्हणाली. "मूठ मूठ खायचा. जंताचं औषध मीच पाजलं."

गुरुजींनी धीर दिला. लंडनच्या परीक्षकांनी १९२३ मध्ये बाबासाहेबांनाही रुपयावरचा प्रबंध नव्याने मांडायला लावला होता. त्यांनी मांडणी बदलली, निष्कर्ष तोच ठेवला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळवली.

शेवटी आक्काचे सासरे बोलले. "दुबार पेरायचं ना? मंग पहिलं कामून उगवलं नाही, ते उकरून बघ." ज्या जालन्यात १९६४ साली 'महिको' ही बियाणे कंपनी उभी राहिली, तिथल्या म्हाताऱ्याला बियाण्यातलं कोण शिकवणार? सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, ७० उगवले तरच पेरायचे.

त्याच हिशेबाने निबंधाची उगवण तपासली. 'मी कष्टाळू आहे' : पुरावा नाही, कुजलं. 'माझ्यात नेतृत्वगुण आहेत' : पोळ्याला बैलांपुढे चालला होता, तेवढेच. बहुतेक दाणे पोचट निघाले.

मग भाचा निबंध सोडून शेतात उतरला. मोसंबीच्या बागा पालथ्या घातल्या, मातीचे नमुने काढले, वाळवले, चाळले. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही ते मुळांना उचलता येत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात, हे पुस्तकात वाचलेलं त्याने बागेत ताडून पाहिलं. ज्या मॅडमच्या हाताखाली हे केलं, त्यांनीच शिफारस लिहिली. तिच्यात 'परिचयाचा' हा शब्दच नव्हता. शंका आलेली मोजमापं पोराने न सांगता पुन्हा घेतली, एवढंच होतं. नव्या निबंधातून बालपण गेलं, तिथे पिवळी पानं आली.

कापूस वेचणीच्या धामधुमीत अर्ज गेला. आमदाराचं पत्र न जोडल्याने ओटा अजून रुसलेला आहे, पण मोसंबीवाले पिवळी पानं घेऊन रोज दारात उभे असतात. नवसाचा ठराव मांडणारे काका तर काल मला बाजूला घेऊन म्हणाले, "गणपतीला सांगून ठेवू का, यंदा बी याचा नंबर लागू देऊ नको म्हणून? आमची बाग हिरवी होऊस्तोवर तरी!"