हरित महाविद्यालय : रचना व निगा

हरित महाविद्यालयाची पायाभरणी फायलीत होते. इमारत सवडीने मागून येते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषाखाली सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण, एलईडी दिवे, हरित लेखापरीक्षण यांना गुण मिळत आले आणि पुराव्यादाखल जिओटॅग केलेली छायाचित्रे मागितली गेली. तेव्हापासून ज्याचा फोटो अपलोड होतो ते पर्यावरणपूरक, असे शास्त्र रूढ झाले. सावलीचाही फोटो निघतो, पण तिच्यासाठी रकाना नाही.

दर्शनी बाजू काचेची असते. काच ऊन आत घेते, मात्र तापलेल्या भिंती-बाकांची उष्णता सहजी बाहेर सोडत नाही. थंड देशांत हा गुण समजतात. विदर्भात एप्रिलमध्ये त्याच गुणापायी एसी लागतो आणि एसीच्या विजेसाठी गच्चीवर सौर पॅनेल चढतात. तिरीप डोळ्यांवर येते म्हणून काचेला पडदे, पडद्यांनी अंधार होतो म्हणून दिवे. दिवे एलईडी असल्याने त्यांचेही गुण मिळतात. इतकी स्वयंपूर्ण साखळी निसर्गातही विरळाच.

आवारात मागे बहुधा जुनी इमारत असते: जाड दगडी भिंती, उंच छत, मंगलोरी कौले, पश्चिमेला व्हरांडा. गरम हवा वरच्या झरोक्यांतून निघून जाई आणि दुपारचे ऊन व्हरांड्यातच अडे. यात निविदा काढण्याजोगे काही नसल्याने ती धोकादायक ठरते व तिच्या जागी वाहनतळ होतो.

वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजमध्ये विटांच्या जाळीदार भिंतींतून वारा खेळवला. बुर्किना फासोतील गांदो गावात फ्रान्सिस केरे यांची मातीच्या विटांची प्राथमिक शाळा 2001 मध्ये उभी राहिली. बांधकामाला गावकरीच होते. तिथे पत्र्याचे छप्पर खालच्या छतापासून उचलून घेतले आहे, म्हणजे पत्रा तापला तरी मधल्या वाऱ्यामुळे वर्ग तापत नाही. केरे यांना 2022 मध्ये वास्तुकलेचे प्रित्झ्कर पारितोषिक मिळाले. ही उदाहरणे आपल्याकडे आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवतात, वातानुकूलित सभागृहात, पडदे ओढून.

निगा हा भाग थोडक्यात आटोपतो. पर्जन्यजलाच्या पाइपाला दर पाहणीपूर्वी निळा रंग देतात. पाइप पुढे कुठे जातो हे प्लंबरला ठाऊक असते, आणि प्लंबर बदललेला असतो. पॅनेलवर धूळ साचली की वीज घटते, म्हणून ती धुवावी लागतात. मे महिन्यात आवारात पाणी टँकरने येत असल्याने धुणे पावसाळ्यावर सोपवतात. फोटो उद्घाटनाच्या दिवशीचा असतो. गुण त्यावरच मिळतात.