कुर्गचे सात दिवस विकणे आहे

सर्जापूर रोड, व्हाइटफील्ड, बन्नेरघट्टा रोड, बेंगळुरूतल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत हे गृहस्थ भेटतातच. मूळचे सांगलीचे, नाशिकचे नाहीतर बेळगावचे. हुद्दा डिलिव्हरी मॅनेजर किंवा त्याच्या आसपासचा. आपण त्यांना मेंबरसाहेब म्हणू. ऑफिसात दीडशे पानी करारातला चुकीचा स्वल्पविराम ते झोपेतही पकडतात. पण मॉलमधल्या लकी ड्रॉत ‘निवड’ झाल्यावर ते सपत्नीक एका हॉटेलात गेले, तीन तास प्रेझेंटेशन ऐकलं, फुकटचं जेवले आणि पुढच्या पंचवीस वर्षांच्या सुट्ट्यांवर सही करून आले. त्या कागदपत्रांपैकी त्यांनी नीट पाहिलं ते फक्त मडिकेरीच्या फोटोतलं धुकं.

सुट्ट्यांच्या मेंबरशिपचा, म्हणजे टाइमशेअरचा, हा धंदा आपल्या देशात नवा नाही. स्टर्लिंग १९८६ पासून आहे, महिंद्रा हॉलिडेज १९९६ पासून. व्यवहार सरळ आहे: वर्षाचे ठरावीक दिवस, ठरलेला हंगाम, ठरलेल्या आकाराची खोली आणि दरवर्षी भरायची देखभालीची फी. ज्यांच्या सुट्ट्या जमतात, ती माणसं खुशाल जाऊन येतात. मेंबरसाहेबांच्या जमत नाहीत. मुलांना दसऱ्याची सुट्टी लागते तेव्हा अख्ख्या बेंगळुरूला कुर्गलाच जायचं असतं आणि खोली मिळते ती जुलैत, धो धो पावसात, रिलीजच्या आठवड्यात. मग गणेशोत्सवात महाराष्ट्र मंडळात ते आरतीच्या रांगेतल्या माणसालाही विचारतात, “सात दिवस कुर्ग हवंय का? आमचं वापरा.” दोनतीन वर्षं कुणीच नेत नाही. तेव्हा ते ओएलएक्सवर जाहिरात टाकतात आणि तिथेच आपला मोबाइल नंबर देतात.

चारआठ दिवसांत फोन येतो. पलीकडच्या बाईंना मेंबरशिपचा नंबर, हंगाम, खोलीचा प्रकार सगळं माहीत असतं. एक कंपनी कर्मचाऱ्यांसाठी अशा मेंबरशिप घाऊक विकत घेतेय. साहेबांच्या मेंबरशिपला मूळ किमतीपेक्षा दीड लाख जास्त मिळतील. फक्त आधी जीएसटी भरायचा, पंचवीस हजार, आणि तोही परत मिळणारा. साहेब भरतात. मग ना-हरकत दाखल्याची फी येते, मग फाइल रिझर्व्ह बँकेत अडकते आणि ती सोडवायला आणखी काही हजार लागतात. शेवटी नंबर बंद.

याला लोक हावरटपणा म्हणतात. माझं मत वेगळं आहे. हावरट माणूस दोन ठिकाणी भाव काढतो, शंका घेतो. मेंबरसाहेब शंका घेत नाहीत, कारण फोनवरच्या बाई त्यांना पैशांहून मोठी गोष्ट देत असतात: त्या हॉटेलात केलेली सही बरोबर होती, हा निर्वाळा. घरात रोज ज्या सहीचा उद्धार होतो, तिच्यावर दीड लाखाचा नफा! यासाठी पंचवीस हजार कुणीही देईल.

मूळ घोटाळा त्यांच्या हिशेबाच्या वहीत आहे. खर्च म्हणून लिहायची रक्कम त्यांनी मालमत्ता म्हणून लिहिली. मेंबरशिप म्हणजे आगाऊ भरलेलं हॉटेलबिल, तेही दरवर्षी नवं देणं मागणारं. वापरलेल्या वर्षांमागे ते विरत जातं, वाढत नाही. सुट्टीला गुंतवणूक समजण्याचा शेवट महाराष्ट्राने एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्जने हॉटेलातल्या रात्री विकल्या आणि त्या न वापरणाऱ्याला मुदतीनंतर पैसे देऊ केले. फिरायला जायचा विचारही नसलेल्यांनी त्या घेतल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये सेबीने ५१ लाखांहून अधिक लोकांचे सुमारे ७,०३५ कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. तो प्रकार वेगळा, पण सुट्टी हीसुद्धा ठेव असते हा समज तोच.

“पण त्यांना माझा मेंबरशिप नंबर ठाऊक होता!” हा साहेबांचा पहिला बचाव. फॉर्म, मॉलमधल्या पेट्या, नोकऱ्या बदलणारे सेल्समन. याद्या फिरतच असतात. माहिती असणं हा ओळखीचा पुरावा झाला, तर सोसायटीचा वॉचमन आपला सख्खा भाऊ ठरेल. दुसरा बचाव अधिक वजनदार आहे: दलाल फी घेतोच की. घेतो, पण सौदा झाल्यावर, आलेल्या पैशांतून. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशात टाइमशेअरची पुनर्विक्री पुरी होण्याआधी आगाऊ रक्कम घ्यायला सरळ बंदीच आहे. तिसरा बचाव कराचा. त्यावर साहेबांनी एकच वाक्य बोलून पाहावं: “मला जे देणार आहात त्यातूनच कापून घ्या.” खरा गिऱ्हाईक कापेल, खोट्याला एकदम दुसरा कॉल येईल. हस्तांतराची फी असेल तर ती मूळ कंपनीला, करारात बघून, तिच्याच खात्यात भरायची. फोन करणाऱ्याने पाठवलेल्या क्यूआर कोडवर नव्हे.

आणि हा भोळेपणा फक्त आपलाच आहे असं मानून लाजायचं कारण नाही. मेक्सिकोतल्या टाइमशेअरच्या अशाच फसवणुकीत २०१९ ते २०२३ या काळात सुमारे सहा हजार अमेरिकनांनी जवळपास ३० कोटी डॉलर गमावल्याच्या तक्रारी अमेरिकेच्या सरकारकडे नोंदल्या गेल्या, आणि त्यामागे अमली पदार्थांच्या टोळीचा हात होता. बंदुका बाळगणाऱ्यांनाही फोनवरून मेंबरशिप विकून देण्याचा धंदा किफायतशीर वाटला, यावरून मेंबरसाहेबांची जात जगभर किती पसरली आहे ते कळावं.

फसल्यावर मेंबरसाहेब गप्प बसतात, आणि हीच सगळ्यात महागडी चूक. दोन महिन्यांनी ‘ग्राहक न्यायालयातून’ एक वकीलसाहेब फोन करतात. बुडालेले पैसे सोडवून देतो म्हणतात, फक्त फायलिंग चार्ज लागेल. यादीतला एकदा पैसे दिलेला माणूस पुन्हा विकला जातो. म्हणून मेंबरसाहेब, विकायचं असेल तर आधी मूळ कंपनीला विचारा, मिळेल त्या कमी भावाला ओळखीतल्या कुणाला द्या, नाहीतर जुलैतल्या पावसात जाऊन भजी खाऊन या. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बायकोला सांगा. दुसरं जड वाटत असेल तर निदान पहिलं तरी आजच करा. तिथे पहिल्या काही तासांनाच किंमत असते.