काऊ आणि चिऊ यांस, घासाबाबत

प्रति,
रा. रा. काऊ, आंब्याची वरची फांदी, आणि
सौ. चिऊताई, मेणाचं घर (हा जुना पत्ता, हल्ली कुठे असता ते कळवावे).

विषय : आमच्या चिरंजीवांच्या ताटातला आपला घास पुढील सूचनेपर्यंत बंद करण्याबाबत.

स. न. वि. वि.

वरील विषयाला अनुसरून कळवते की, मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला तुमचा घास आम्ही आमच्यापुरता स्थगित केला आहे. या व्यवहारात तुमच्या पदरात कधी शीतसुद्धा पडलं नाही, हे मी जाणते. नाव काऊचं, घास बाळाच्या तोंडात. इतकी वर्षं फुकट नाव वापरू दिलंत, हूं की चूं केलं नाहीत. म्हणून निदान बंदीचं कारण तरी रीतसर कळवावं म्हटलं.

आमचा मुलगा अडीच वर्षांचा आहे. तो जन्मला तेव्हा त्याची अन्ननलिका अर्ध्यावरच संपत होती. वरचा तुकडा पुढे रस्ता नसलेल्या बोळासारखा बंद, आणि खालचा तुकडा पोटाकडून वर येऊन श्वासनलिकेला चिकटलेला. साधारण साडेतीन हजार जन्मांमागे एखादं बाळ असं येतं. तोंडाला सारखा फेस, आणि नाकातून घातलेली नळी छातीत वरच अडते, यावरून डॉक्टरांनी ओळखलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून दोन्ही टोकं जोडली. टॉमस गिब्सन नावाच्या इंग्रज वैद्याने असं एक बाळ पाहून 1697 साली त्याचं वर्णन लिहून ठेवलं होतं. एकाच ऑपरेशनमध्ये दोन्ही टोकं जोडून बाळ जगवायला मात्र 1941 साल उजाडावं लागलं. ते अमेरिकेत ॲन आर्बरला, कॅमेरॉन हेट यांनी केलं. माझ्या पणजीच्या पदरी असं मूल आलं असतं, तर घरात पुन्हा त्याचा विषयही निघाला नसता.

‘ऑपरेशन झालं ना? मग आता काय!’ असं सगळे म्हणतात. आम्हीही म्हणत होतो. पण नळी जोडली म्हणजे नळ सुरू झाला, असं हे काम नाही. जोड आक्रसतो. मग भूल देऊन आत फुगा फुगवून तो रुंद करून घ्यायचा; आतापर्यंत सहा वेळा झालं. शिवाय अन्ननलिका म्हणजे नुसता पाइप नव्हे. स्नायूंची एक लाट वरून खाली जाते आणि घास ढकलत नेते. म्हणून तर माणूस आडवा पडूनही गिळू शकतो. आमच्याकडे ही लाट जोडापाशी येऊन विस्कटते. तिथून पुढे घास उतरतो तो न्यूटनच्या कृपेने आणि घोटभर पाण्याने.

तेव्हा आमच्या घरी जेवण म्हणजे काय, ते ऐका. उंच खुर्ची, पाठ ताठ. गुरगुट्या भात, त्यावर वरण, त्यावर तूप, आणि भाताचा गोळा राहिला नाही ना हे बघायला मी चमचा तिरका करते. आपसूक घसरलं तर ठीक. चिकटून बसलं तर आणखी वरण. दोन चमचे, एक घोट पाणी. दोन चमचे, एक घोट. मोजायचं काम सात वर्षांच्या ताईकडे आहे आणि ती बँकेतल्या कॅशियरइतकी कडक आहे. वाटीभर भाताला पाऊण तास. मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, म्हणून बाबांच्या खांद्यावर बसून घरभर फेऱ्या. तोवर आमची पानं गार होतात. गेल्या अडीच वर्षांत मी गरम पोळी खाल्ली ती फक्त माहेरी, तीही उभ्याने.

आता तुमचा घास इथे कुठे बसतो ते सांगा. तुमच्या घासाची सगळी मदार फसवणुकीवर. तो बघ काऊ, म्हणायचं, मुलाने वर बघितलं की तोंडात कोंबायचं. आमच्या मुलाने वर बघायचंच नाही. त्याने घासाकडे बघायचं, चावायचं, थांबायचं. भुर्रकन येणारं विमान, झुकझुक करत येणारी गाडी, हेही सगळं बंद. तेव्हा एकट्या तुमच्यावर आकस आहे असं मनाला लावून घेऊ नका.

खरं सांगायचं तर तुमचा त्रास फारसा नाहीच. तुमच्या नावाने घास घेऊन येणाऱ्यांचा आहे. आपल्याकडे माया भरवून व्यक्त होते. मुलाच्या हातात बिस्कीट ठेवलं नाही तर पाहुण्याला आपण आल्याचं समाधान नसतं. वॉचमनकाका चॉकलेट देतात, भाजीवाली मावशी सोललेला वाटाणा देते, आणि मी हात आडवा घातला की मी माजोरी. ‘आमची नाही का वाढली चार-चार?’ वाढली ना. त्यांच्या लाटा शाबूत होत्या.

एका मुंजीत आमच्या एका आत्याबाईंनी, मी पाणी आणायला वळले तेवढ्यात, पुरीचा तुकडा भरवला. ‘एवढासा तर होता,’ असं त्या नंतर अंगठ्याचं नख दाखवून सांगत होत्या. तो ‘एवढासा’ जोडावर जाऊन बसला. अडकलं की आमचा मुलगा रडत नाही, हे लोकांना कळत नाही. तो गप्प होतो. खेळणं खाली ठेवतो, मान पुढे काढतो आणि तोंडातून लाळेची तार लागते, कारण स्वतःची थुंकीही खाली जात नसते. श्वास चालू आहे ना, ओठांचा रंग ठीक आहे ना, आधी एवढंच बघायचं. मंडपात मात्र एकाने पाठीत धपाटे सुचवले, दुसरीने केळं, तिसऱ्याने दृष्ट. चार तासांनी दवाखान्यात भूल देऊन दुर्बिणीने तो तुकडा काढला. आत्याबाई त्यानंतर आठ दिवस आमच्याशी बोलत नव्हत्या. आम्ही मंगलाष्टकं सोडून गेलो होतो ना!

एक फायदा मात्र मान्य करायला हवा. या मुलांची श्वासनलिकाही बऱ्याचदा मऊ असते, त्यामुळे खोकला भुंकल्यासारखा येतो. डोंबिवलीहून सकाळच्या लोकलने तपासणीला निघालो की तो दोनदा खोकतो, आणि ज्या डब्यात पाय ठेवायला जागा नसते तिथे आम्हाला खिडकी मिळते. ‘संसर्गजन्य नाही हो,’ असं मी पूर्वी प्रत्येकाला सांगायची. हल्ली दादर येईपर्यंत सांगत नाही.

चिऊताई, तुझ्याशी थोडं वेगळं बोलायचं होतं. गोष्टीतल्या त्या पावसाच्या रात्री तू दार उघडलं नाहीस, बाळाचं हे करते, बाळाचं ते करते म्हणत राहिलीस. लहानपणी मला तू दुष्ट वाटायचीस. आता वाटतं, तुझे हात खरंच रिकामे नसतील. आमचीही बेल वाजते, पाहुणे खाली उभे असतात, आणि आम्ही सातव्या चमच्यावर असतो. आम्हीही उघडत नाही. तुझ्यासाठी नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने 2010 पासून 20 मार्चला चिमणी दिवस होतो, याचा आनंद आहे. त्या दिवशी तरी कोणी तुझी बेल वाजवू नये.

आणि काऊदादा, तुझी मात्र मला माफी मागायची आहे. हे पत्र लिहायला बसले तेव्हा तू समोरच्या टाकीवर होतास. चोचीत कुणाच्या तरी डब्यातली वाळकी पोळी. ती तू तशीच गिळली नाहीस. टाकीच्या झाकणावर साचलेल्या पाण्यात बुडवलीस, थांबलास, पुन्हा बुडवलीस, मऊ झाल्यावर तुकडा तोडलास. मी ताईला हाक मारली, आम्ही तिघंही खिडकीत उभे राहिलो. अडीच वर्षांत मी सगळ्या नातेवाइकांना जे समजावू शकले नाही, ते तुला कोणी न सांगता कळलं होतं.

त्यामुळे बंदीचा आदेश पुढीलप्रमाणे दुरुस्त करण्यात येत आहे : काऊने कठड्यावर यावे, जेवताना दिसावे, भिजवून खाऊन दाखवावे. बाळाच्या तोंडाशी कोणीही हात नेऊ नये. आत्याबाईंना सोबत आणू नये.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सातव्या चमच्यावरची एक आई

ता. क. : काल चिरंजीवांनी स्वतःच्या वाटीतला एक चमचा वरणभात तुझ्यासाठी कठड्यावर ठेवला आणि ‘काऊ, पाणी पी,’ असं तुला दोनदा बजावलं. शेजारी पाण्याची वाटी ठेवली आहे, ती त्याच्या हट्टामुळे.